उरलेली पट्टी

फत्तेगंजच्या पुलाखाली माझं मशीन.
ज्योत्स्नाबेनच्या ब्लाउजातून
हातभर मोरपंखी पट्टी उरली.
धंद्याचा रिवाज असा, की उरलं ते शिंप्याचं.
विचारत कुणी नाही.

हन्नाच्या नाताळच्या फ्रॉकला
नेमकी एवढीच झालर हवी होती.
तिच्या गळ्याशी धरून पाहिलीही.
शोभत होती.

मग घडी घातली,
ब्लाउजासोबत पिशवीत सरकवली.
"आ शुं?"
"तुमचंच आहे. उरलेलं."

"चिंदी छे," म्हणाल्या,
आणि तिथेच स्कूटरची सीट पुसून
गटाराकडे भिरकावली.

आता ती कुणाची?
मी सुईत दोरा ओवत राहिलो,
तीनदा चुकला.

रविवारी देवळात डोळे मिटले
तर आत सगळं मोरपंखी.
आमेन म्हणालो,
पण सगळ्यांच्या मागून.