पंच कार्ड

कृपावरम हैदराबादला परत गेला तेव्हा
चादरीच्या जुन्या पिशवीत सात पुस्तकं ठेवून गेला.
"विश्वास असणाऱ्यांनीच लिहिलीत," म्हणाला,
"पण सावकाश वाच. एकदम नको."

सावकाशच वाचतो. दुसरं जमत नाही.
पुस्तकं इंग्रजीत, शब्दकोश मुलीचा, दहावीचा.
प्रार्थना तेलुगूत. आणि शंका,
का कोण जाणे, मराठीतच येतात,
म्युनिसिपाल्टीच्या शाळेत शिकलो म्हणून असेल.

अक्कलकोट रोडच्या कारखान्यात तीस वर्षं
जेकार्डच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडली मी.
मोर, कमळ, एकदा कुणाच्या तरी लग्नाची तारीख.
भोक असेल तिथे हूक उचलतो, सूत वर येतं.
नसेल तिथे खालीच राहतं.
नव्या पोरांना पटायचं नाही,
त्यांना वाटायचं भोक म्हणजे चूक.

म्हणून सोन्याच्या पत्र्यांची गोष्ट पहिल्यांदा ऐकली
तेव्हा मला नवल वाटलं नाही.
कड्यांत ओवलेले पत्रे, त्यांवर कुणाला न वाचता येणारी खूण,
हे तर माझं रोजचं काम.
अशोक चौकातल्या त्या भाड्याच्या खोलीत
मीच एकटा असेन जो मनात म्हणाला,
बरोबर आहे, असंच असतं.

मॉर्मन म्हणजे काय, गल्लीत कुणाला नीट सांगता आलं नाही.
चहा न पिणारे ख्रिस्ती, एवढं पुरतं.

आता तिसरं पुस्तक सांगतं,
पत्रे बहुतेक वेळा झाकलेलेच होते.
संदेष्टा टोपीत खडा टाकायचा, तोंड टोपीत घालायचा,
अंधारात दिसेल ते सांगायचा.
पान एकशे बारा. पुस्तक मिटलं.
नऊ वर्षं चहा सोडलाय मी.
सोलापुरात. रात्रपाळीतसुद्धा.

राजमणी शेजारी विड्या वळत होती.
तिचा बाप्तिस्मा अडला तो ह्याच सुपावर.
ओढायची नाही हे समजलं, पण वळायची?
कृपावरम म्हणाला होता, विचारून सांगतो.
विचारलं असेल. सांगितलं नाही.
कारखाना बंद पडल्यापासून
माझा दशांश तिच्याच विड्यांतून निघतो.
हे ती बोलत नाही. मी तर नाहीच.

तिला वाचून दाखवलं:
संदेष्ट्याची बायको टेबल झाडताना
कापडाखालचे पत्रे जरा सरकवून ठेवायची.
कडेवरून अंगठा फिरवला की पत्र्यासारखे वाजायचे.
कापड मात्र तिने उचललं नाही.
राजमणी विडीचा धागा तोडत म्हणाली,
"घर आवरायचं होतं ना तिला."
मग उठली, माझी सातही पुस्तकं उचलून
कपाटावर ठेवली, न उघडता.
नळ यायची रात्र होती.

पाचव्या दिवशी, रात्री दीडला पाणी आलं.
हंडे, पिंप, बादल्या,
शेवटी स्टीलची एक बाटली वेगळी, दोनदा गाळून.
प्रभुभोजनाला आमच्यात द्राक्षरस नाही, पाणीच.
हे ह्या गावाला सोयीचं म्हणावं की अवघड,
अजून ठरत नाही.

रविवारी आम्ही सहा जण. सातवा तापाने पडलेला.
पावावरची प्रार्थना नीट झाली.
पाण्यावरचीही शब्दाला शब्द जुळावी लागते,
आणि माझा एक कुठेतरी गळला.
मला कळलंही नाही कुठला.
चिप्पा मास्तरांनी नुसती मान हलवली.
कागदी पेल्यांत पाणी थरथरत होतं,
खालून ट्रक गेला असावा.
मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.