ग्रेसचे दिवस

पॉलिसी संपली नऊ नोव्हेंबरला, रात्री बाराला.
मी तेव्हा घणसोलीच्या दुकानात
भाऊंच्या दातांचा पिवळेपणा काढत बसलो होतो,
दहा बाय वीसच्या फ्लेक्ससाठी.
वाढदिवसाचे बावीस बोर्ड.
बिलाचे पैसे अजून यायचेत.
भाऊ मात्र आलेत,
नाक्यानाक्यावर हात जोडून उभे आहेत.

सकाळी मढवींचा फोन. "घाबरू नका,
तीस दिवस ग्रेस असतो.
फक्त एवढंच, की मधल्या दिवसांत काही झालं
तर कंपनी बघणार नाही.
पण भरलेत, तर मागची वर्षं वाया जात नाहीत."

मागची वर्षं म्हणजे आईचे गुडघे.
पॉलिसी घेतली तेव्हाच बारीक अक्षरांत छापलं होतं,
गुडघ्यांना तीन वर्षं थांबावं लागेल.
आई थांबली.
भाजीची पिशवी कठड्याला टेकवून
प्रत्येक मजल्यावर थांबली.
या दिवाळीत करंज्या तळता तळता म्हणाली,
"झाली ना रे आता तीन?"
झाली होती.
आणि नेमका हप्ता राहिला.
एकतिसाव्या दिवशी तिचे गुडघे
पुन्हा पहिलीत जाऊन बसणार होते.

ग्रेस हा शब्द माझ्या जुन्या ओळखीचा.
दहावीला गणितात एकतीस पडले,
चार कुणीतरी वरून घातले.
कोण होता तो, कुठल्या गावचा मास्तर,
चहा पिऊन झाला होता का त्याचा?
निकालपत्रावर एक इवलीशी खूण होती
आणि पेढे वाटताना अण्णांनी
त्या खुणेवर अंगठा धरला होता.

घरात मी काही बोललो नाही.
फक्त म्हणालो, स्टुलावर चढू नका.
पाणी उकळून प्या.
ओल्या लादीवरून जाऊ नका.
ईश्वरीच्या स्कूटीची चावी तांदळाच्या डब्यात पुरली
आणि तिच्याबरोबर मीही ती शोधली, अर्धा तास.
इतकी काळजी मी आयुष्यात कुणाची केली नव्हती.
बायको म्हणाली, "बरं आहे ना तुम्हाला?"
म्हटलं, "बरं असायलाच हवं."

सतराव्या रात्री सोसायटीत ॲम्ब्युलन्स शिरली.
लाल-निळा उजेड आमच्या भिंतीवर फिरला,
घड्याळावरून, अण्णांच्या फोटोवरून,
मग पुढे सरकला. सी विंगखाली थांबला.
मी जो श्वास सोडला
त्याची लाज अजून गेलेली नाही.
सी विंगमध्ये कुंदाताई राहतात.
दर चतुर्थीला डबा पाठवतात आम्हाला.

भाऊंच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर
तीन दुपारी बसलो. तिथेही तेच, भिंतभर,
मीच उजळलेलं हसू.
अर्धे पैसे मिळाले. अर्ध्यांची "पुढच्या आठवड्यात बघू."

अठ्ठाविसाव्या दिवशी जेवताना
बायकोने ताटाशेजारी भिशीचं पाकीट ठेवलं.
"मेसेज माझ्याही नंबरवर येतात," म्हणाली,
आणि आमटी वाढली.

नऊ डिसेंबर, रात्री दहा वाजून पन्नास.
एकतीस हजार सहाशे चाळीस.
चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं,
मग हिरवी टिकली.

आई जागीच होती, पलंगावर, पाय सरळ करून.
मी मोबाइल तिच्यासमोर धरला,
तारखेवर अंगठा ठेवून.
"अंगठा काढ," ती म्हणाली,
"महिनाभर चालता-बोलता कॅलेंडर झाला होतास तू."

आणि मग ती खोकली.
पदर तोंडाशी न नेता, अगदी पोटातून,
कितीतरी दिवसांचा साठवून ठेवलेला खोकला.
थांबेचना.
बायको पाणी आणायला धावली,
ओल्या लादीवरून.