पाऊण इंच

व्हर्लीनबाई, तुमच्या पुतळ्याचा मातीचा नमुना
काल नगरपालिकेच्या दालनात ठेवला होता.
मी जवळ जाऊन पाहिला, चष्मा लावून.
चेहरा बरा साधलाय. हनुवटी तर थेट तुमचीच,
समोरच्याचं बोलणं संपायची वाट बघणारी.
पण पँटच्या दोन्ही मोहऱ्या
एका रेषेत.

एकवीस वर्षं मी तुमच्या पँटी आखूड केल्या,
सम्टरच्या मेन स्ट्रीटवर,
बंद पडलेल्या बुटांच्या दुकानाशेजारी.
पहिल्यांदा टेप लावली तेव्हा वाटलं, माझंच चुकलं.
पुन्हा मोजलं. डावा पाय पाऊण इंच कमी.
तुम्ही वरून म्हणालात, "टेप बरोबर आहे, बाळा.
चूक त्रेसष्ट सालची आहे."

सोळा वर्षांची मुलगी,
औषधांच्या दुकानातल्या उंच स्टुलावर बसली
आणि लिंबू सरबत मागितलं.
पोलिसाची काठी खुब्यावर.
इस्पितळाच्या पुढच्या दारानं आत घेतलं नाही,
मागच्या दाराचा डॉक्टर जेवायला गेलेला.
हाड मग आपल्या मनानं जुळलं.
एवढंच सांगितलंत,
तेही माझ्या ओठांत टाचण्या असताना,
म्हणजे मला काही विचारता येऊ नये.

स्टेट हाउसमधली तुमची भाषणं मी फारशी ऐकली नाहीत.
सव्वीस वर्षांचं तुमचं काम मला कळलं ते कापडावरून.
कोपर चकाकले, की कमिटी रात्रभर चालली.
गुडघ्याला लाल माती, की कुणाच्या तरी विहिरीचं पाणी
स्वतः वाकून पाहिलंत.
खिशात पेपरमिंटच्या गोळ्या, शाळेच्या बसचं वेळापत्रक,
आणि एकदा मतदार नोंदणीचा फॉर्म.
त्यावर माझं नाव आधीच लिहिलेलं :
इंदुमती मगदूम, स्पेलिंगसकट बरोबर.
"खिसा रिकामा करायला विसरले," म्हणालात.
तुम्ही काहीही विसरत नव्हता.

उरलेलं कापड कापू नकोस, दर वेळी बजावायचात.
"भाची उंच होतेय. तिला लागेल."
मी सांगितलं, शिवणीच्या आत असं राखून ठेवतात
त्याला आमच्याकडे माया म्हणतात.
आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थही सांगितला.
तुम्ही वही काढलीत. दोनदा म्हणवून घेतलंत.
पुढच्या खेपेला दारातूनच ओरडलात,
"इंदू, माया किती ठेवलीस?"
बाहेर पार्किंगमध्ये लोक वळून बघायला लागले.

काल प्रत्येकाला तीन मिनिटं होती.
मी उठले. माझं इंग्रजी अजून क्रियापदापाशी अडखळतं,
म्हणून आधी टेबलावर टेप ठेवली.
म्हटलं, डावी मोहरी पाऊण इंच वर घ्या.
अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं.
शिल्पकार चार्ल्स्टनचा, कोवळा पोरगा, नम्रपणे म्हणाला,
"मॅडम, खालून बघणाऱ्याला वाटेल, आमची चूक झाली."
वाटू दे, मी म्हटलं.
मलाही आधी तसंच वाटलं होतं.
मग काय बोलले आठवत नाही,
दोन मिनिटं उरली होती ती तशीच उभी राहिले.
निर्णय पुढच्या महिन्यात.

आज केंड्रा आली, तुमचा राखाडी सूट घेऊन.
तीही निवडणुकीला उभी राहतेय, शाळा मंडळाच्या.
हसत म्हणाली, "आत्याचा आहे, मला तोकडा होतो."
मी उसवायला घेतलं, एकेक टाका, ब्लेड न लावता.
उजव्या पायात तीन बोटं माया निघाली.
डाव्यात त्याहून पाऊण इंच जास्त.

वाफेची इस्त्री दोनदा फिरवली,
जुन्या दुमडीची रेघ काही जाईना.
केंड्रानं अंगठा फिरवून पाहिला.
म्हणाली, राहू दे.