अर्धा फूट

दर अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी
मी गावातल्या सव्वीस विहिरी मोजते.
पिवळी टेप, टोकाला मोडक्या फाळाचा तुकडा,
आणि पंचायतीनं दिलेली वही.
पुठ्ठ्यावर माझं नाव चुकलंय.
कस्तुरा ऐवजी कस्तुरी.
असू दे. आतले आकडे माझे आहेत.

सव्वीसातली एकही विहीर माझी नाही.
ज्या आडापासून दहा हात लांब
सासू रिकामी घागर घेऊन थांबायची,
कुणाला दया आली तर ओततील म्हणून,
त्याच आडाच्या कठड्यावर पोट टेकून
मी टेप सोडते.
खाली डुब्ब वाजलं की ओरडते,
"एकोणीस फूट चार इंच!"
ओतणाऱ्यांची सून वही धरून उभी असते.

आता मला विहिरी वासानं कळतात.
मुजावरांच्या विहिरीला पारव्यांचा वास,
शाळेमागच्या विहिरीला शेवाळाचा,
इराण्णाच्या विहिरीत सुगरणींची घरटी,
वाकलं की सगळ्या मिळून कलकलाट करतात,
जणू मी त्यांचंच काही न्यायला आलेय.

बिराजदारांच्या विहिरीला डिझेलचा वास.
गेल्या दिवाळीत तिथंच
परमेश्वर बिराजदार हसत म्हणाला,
"अर्धा फूट वर लिही की, कस्तुरा.
इंचाला कोण विचारतंय?"
संध्याकाळी माझ्या शेळीपुढं
हिरव्यागार कडवळाच्या दोन पेंढ्या येऊन पडल्या.

मी लिहिलं.
पेनाला काय, वर खाली सारखंच.

शाळेच्या भिंतीवर मग ताळेबंद मांडला:
पडलेलं पाणी, अडलेलं पाणी,
सीनेकडं निघून गेलेलं पाणी,
प्यायला एवढं, शाळूला एवढं, तुरीला एवढं.
माझ्या अर्ध्या फुटावर
आणखी अकरा एकर ऊस हिरवा झाला.

आणि चैत्रात हापसा खडखडला.
बिराजदारांचा नाही. त्यांच्याकडं हापसा नाहीच.
आमच्या वस्तीवरचा.
सासू दांडा दाबत राहिली,
तिला वाटलं, हातातलीच ताकद गेली.
मी काही बोलले नाही.
दोन पेंढ्या किती दिवस पुरतात?

यंदाच्या ग्रामसभेत गुरुजींनी आकडे वाचले.
मी बायकांच्या सतरंजीवरून उठले.
अर्धा फूट सांगितला. पेंढ्याही सांगितल्या.
कुणीतरी हसलं, कुणी खोकलं,
सरपंचांनी चष्मा पुसला आणि पुसतच राहिले.
उभी होतेच, म्हणून आणखी एक सांगितलं:
"भिंतीवर एक ओळ कमी आहे.
ज्यांना रान नाही त्यांच्या शेळ्या,
आणि कार्तिकात माळावर उतरणाऱ्या
बिरू कोळेकराच्या चारशे मेंढ्या,
त्या काय वारा पितात?"

बिरूनं खत कुणाच्या रानात बसवलं
ते सगळ्यांना ठाऊक होतं.
गुरुजींनी ओळ लिहिली.
बेरीज तुटीत गेली.
तूट कुणाच्या वाट्याची, यावर रात्रीचे अकरा वाजले.
भांडण मिटलं नाही, लोक झोपायला गेले.

सकाळी ती ओळ पुसलेली.
ओल्या फडक्याचा ओघळ
खालच्या जोत्यापर्यंत आलेला.
मी घरून गेरू कालवून आणला
आणि खडूच्या उरलेल्या सावलीवरूनच
बोटानं अक्षरं ओढली.
"मेंढ्या" मधला अनुस्वार जरा मोठा झाला.

पुढच्या अमावस्येनंतर
बिराजदारांच्या विहिरीवर गेले
तर परमेश्वर आधीच येऊन बसलेला.
बोलला नाही. टेप माझ्या हातातून घेतली,
स्वतः सोडली, स्वतः वाकला.
"बारा फूट नऊ इंच," म्हणाला.

मी टेप परत मागितली.
पुन्हा सोडली.
डुब्ब.

बारा फूट नऊ इंच.
लिहिलं.