ओठ उचलून

म्हापशात बाजाराच्या मागे, लाकडी जिन्यावरून वर,
मी कवळ्या करतो. अठ्ठावीस वर्षं.
मेण, प्लास्टर, गुलाबी अ‍ॅक्रिलिक.
गिऱ्हाईक मेल्यावरही त्याचं हसू
माझ्या फळीवर साच्यात राहतं.

आणि घरी, हळदोण्यात,
रातांब्याच्या तोंडाला वास येत होता.

वर्षभर आम्ही हसलो त्यावर.
बांगडा खाल्लास काय रे?
पाहुण्यांना सांगितलं, कुत्र्याच्या तोंडाला
काय अत्तराचा वास येणार?
तो शेपूट हलवायचा. त्यालाही गंमत वाटते
असं आम्ही धरून चाललो.

पहाटे बोस्त्यांव पोदेराचा भोंगा वाजला की
फाटकाशी पहिला तो.
त्याच्या वाट्याचं पावाचं काकण, भाजून दगड झालेलं,
कडाकड. शेजारी जागे व्हायचे.
त्या दिवशी त्याने काकण तोंडात घेतलं,
खाली ठेवलं,
आणि पैसे बुडवलेल्या जुन्या मित्राकडे पाहावं
तसा पाहत बसला.
म्हटलं, वय झालं.

शैला म्हणाली, "तो एकाच बाजूने चावतो.
आणि पाण्याच्या भांड्यात बघा जरा."
भांड्यात एक तांबूस तार तरंगत होती,
सोलकढीचा पेला कुणी त्यात बुडवावा तशी.

मी त्याचा ओठ उचलला. एवढंच.
हजारो अनोळखी जबड्यांचे ठसे हाताळलेला माणूस
आपल्या कुत्र्याचा ओठ पहिल्यांदा उचलत होता,
नवव्या वर्षी.
मानशीच्या खांबाला कालवं धरावीत
तसा तपकिरी थर, हिरडीपर्यंत, हिरडीच्या आत.
कडेने लाल रेघ.
मागचा मोठा दात उभा चिरलेला:
बाजारातून मीच कौतुकाने आणलेलं हाड
चावताना, केव्हातरी.

डॉक्टर कुडणेकरबाई कमी बोलतात.
"वास म्हणजे स्वभाव नव्हे," म्हणाल्या.
भूल दिली. थर खरवडला. मुळांचे फोटो काढले.
स्टीलच्या ताटलीत दात पडण्याचा आवाज
मी बाहेरच्या बाकावरून मोजला. सहा.
तोंडून निघून गेलं, आता तो खाणार कसा?
कुत्र्याची कवळी मला येत नाही.
त्या हात धुत होत्या.
"दात नसलेला खातो.
दुखरा दात असलेला खात नाही."

चार दिवसांनी त्याने भिजवलेली पोई खाल्ली,
ताटली चाटत चाटत
पार सोप्याच्या टोकापर्यंत ढकलत नेली.

तिसरीचं वेगळं.
तीन पिल्लांतली शेवटची, म्हणून तिसरी;
हात लावला की शिंपल्यासारखी मिटते, म्हणूनही.
मांजर सांगत नाही. वाडग्यापाशी धावत येते,
हुंगते, तोंड वाकडं करून निघून जाते,
आणि आपण म्हणतो, नखरे.
तिची हनुवटी ओली होती.
पाठीवरचे केस चाटायचं सोडून दिलेलं.
ह्या वेळी मी नऊ वर्षं थांबलो नाही.

आता रोज रात्री, भांडी घासून झाली की
बोटाला मऊ फडकं, त्यावर त्यांची पेस्ट.
आपली नाही, त्यांना थुंकता येत नाही.
हिरडीच्या कडेने, गोल, हलकं.
रातांबा सोसतो. तिसरी अकरापर्यंत मोजू देते,
मग पंजा. हिशेब माझ्या मनगटावर आहे.
तरी वर्षातून एकदा कुडणेकरबाई चुकत नाहीत,
आणि हाड घरात येत नाही.

काल बोस्त्यांवच्या सायकलीमागे एक पिल्लू.
"मास्तर, मातशे हाचे दांत पळयात."
मी उकिडवा बसलो, ओठ उचलला:
तांदळाच्या कण्या, आणि हिरड्यांचा तो गुलाबी,
जो माझ्या अ‍ॅक्रिलिकला अजून साधलेला नाही.
म्हटलं, आत्तापासून तोंडात बोट घालायची सवय लाव.
पिल्लाने बोट धरलं.
चार बारीक टोचे, रक्ताचा एक ठिपका.
आहेत, मी म्हटलं. सगळे आहेत.