माप

मेनचा किनारा, डिसेंबर, मुदतीला चार दिवस.
ग्रंथालयाच्या तळघरात, बॉयलरला लागून माझं टेबल.
ऑरिन थिबोडो बूट न पुसताच आला,
मागोमाग डिझेलचा नि आमिषाच्या हेरिंगचा वास.

"तीन वर्षं बिनविम्याचा आहे," म्हणाला,
जसं कुणी सांगावं, तीन वर्षं दारूला शिवलो नाही.

पडद्यावर योजना उघडल्या. कांस्य, रौप्य, सुवर्ण.
"शर्यत आहे का?"
हप्ता त्याला कळला. बोटीचाही असतो.
डिडक्टिबलपाशी गाडं रुतलं.
सात हजार डॉलर आधी तुम्ही, मग कंपनी;
दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा माझंच मला पटेना.

त्यानं खिशातून पितळी माप काढलं,
शेवंडीच्या पाठीला लावायचं.
"याहून लहान निघाली की परत पाण्यात.
म्हणजे माझं बारीकसारीक दुखणं
ते परत माझ्याच अंगावर टाकणार."
"हो."
"आणि मोठं?"
"मोठं ठेवून घेतात. बरंचसं."

बराच वेळ तो पितळेवर अंगठा घासत राहिला.
मग खालच्या आवाजात: डेल्फीनच्या काखेत गाठ आहे.
सप्टेंबरपासून. फॉर्मवर कुठे लपवायची?

कुठेच नाही, मी म्हटलं. ते आता विचारतच नाहीत.

तरी तो पडद्यावर रकाना शोधत होता,
जो तीन महिने मनातल्या मनात भरला होता,
दर खेपेला नवं खोटं.

बॉयलर धडधडला, थांबला.
"मग तिचंच नाव आधी लिही."
मी जन्मतारीख विचारली.
दिवस नि महिना त्याला पाठ होता;
वर्ष त्यानं बोटांवर मोजलं.