मंगळवार, अकरा वीस

डिस्क मीच आणली, एरीच्या लायब्ररीतून,
मागचा दोन डॉलर दंड भरून.
तू डबी उलटून पाहिलीस, सुलटून पाहिलीस,
म्हणालास, "चालेल."

बाहेर लेकवरून येणारं तिरकं बर्फ,
आत उपम्याच्या दोन बश्या,
आणि ती भांडकुदळ रजई
जी एकाला उरते नि दोघांना पुरत नाही.
प्लेअर आधी घुरघुरला. मग मेनू:
धुक्यातलं दीपगृह, संगीताचा एकच तुकडा
पुन्हा पुन्हा, रिमोट सापडेपर्यंत.
तो नेहमीसारखा तुझ्याच खाली.

पहिला खून आठव्या मिनिटाला.
बोटवाल्याची विधवा हुंदके देते आहे,
पण हातरुमाल कोरडा.
"हिनेच केलं," मी म्हटलं.
"इतक्यात नको ठरवूस," तू म्हणालास,
पण किती मायेने म्हणालास!
जसा पेपर आधीच फुटलेला मुलगा
शेजारच्या बाकावरच्याला धीर देतो.

मग मी सिनेमा सोडला आणि तुला बघू लागले.

दार करकरण्याच्या किंचित आधी तू दचकत होतास.
भिंतीवरचं घड्याळ उलटं चालतंय
हे कॅमेऱ्याला कळण्याआधी
तुझी नजर त्या कोपऱ्यात जाऊन बसलेली.
मेलेला डॉक्टर जिन्यावरून चालत खाली आला तेव्हा
"अरे बापरे!" म्हणालास.
अच्युत, बावीस वर्षांत तू बापरे म्हणाला नाहीस.
तू "हॅ" म्हणतोस.

चहासाठी पॉझ. डॉक्टरचं एक पाऊल हवेत.
किती मिनिटं उरलीत बघायला मी डबी उचलली,
आतून पावती घसरली, जिभेसारखी.
कार्डाचे शेवटचे चार आकडे: तुझे.
मंगळवार, तीन तारीख, सकाळचे अकरा वीस.

मंगळवारी अकरा वीसला तू कारखान्यात असतोस,
प्लास्टिकच्या झाकणांचे आटे तपासत.

अशा सिनेमांत इथे मागचं सगळं परत येतं,
दुसऱ्या बाजूने, भरभर.
तसंच आलं:
घासून आलेला डबा. तुमच्याकडे तर घासायला जागाच नाही.
ओळखपत्राची निळी दोरी,
थँक्सगिव्हिंगपासून त्याच खिळ्याला, त्याच पिळाने.
गाडीत सापडलेली आखूड पेन्सिल, मागे खोडरबर नसलेली.
मुकुंद पाध्येचा फोन, "सगळं ठीक ना, वहिनी?"
आणि मी त्याला मेथीच्या लोणच्याचं प्रमाण सांगत बसले होते.
आणि तुझं घोरणं, जे अचानक थांबलं,
ज्यासाठी मी देवाचे आभार मानले होते.

सगळे पुरावे समोरच होते.
कोणी लपवले नव्हते.
मी प्रेक्षक वाईट.

आतून आलं किसल्याचा वास, तुझा आवाज:
"लावू का पुढे?"
"लाव," मी म्हटलं. पावती मुठीत.

शेवटची वीस मिनिटं मी पडद्याकडे बघत होते
आणि तू माझ्याकडे.
मला धक्का बसतो का, कुठे बसतो,
हे बघायला तू इतका आसुसलेला
की चहावर साय धरली.
तो धक्का तू एकट्याने खाल्ला होतास,
पडदे ओढून, भर सकाळी, डबा मांडीवर घेऊन;
आता तो कुणाबरोबर तरी
पुन्हा खायचा होता तुला.

खुनी कोण ते कळलं.
मी बापरे म्हटलं. अगदी मनापासून.

नावं वर सरकत गेली: प्रकाशयोजना, केशभूषा,
घोडे सांभाळणारा कुणी एक.
कोणी उठलं नाही.
रजई पहिल्यांदाच दोघांना पुरली होती,
किंवा आपण जवळ सरकलो होतो.

"मला नाही नीट कळला," मी म्हटलं,
"परत बघू या?"
तू रिमोट हातात धरून बसलास, अंगठा बटणावर,
दाबत नव्हतास.
"कुठून लावू?"

मी पावती उलगडून तुझ्या गुडघ्यावर ठेवली.
"तुला सांगता येईल तिथून."